मलेरियाची प्रतिकारशक्ती वयाबरोबर कशी येते? टी पेशींच्या स्मृतीचा वाटा

गोदाकाठ:
मलेरियाचा प्रसार वर्षभर जोरात असतो अशा आफ्रिकेतल्या भागांत एकाच गावात तीन वेगळे आजार असावेत असं चित्र दिसतं. पाच वर्षांखालच्या मुलांना तीव्र रक्तक्षय होतो, मेंदूचा मलेरिया होतो, ती दगावतात. आठ-दहा वर्षांच्या मुलांना ताप येतो आणि औषधाने उतरतो. मोठ्यांच्या रक्तात परजीवी सापडतात, पण ताप नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार मृत्यू झाले. त्यातले ९५ टक्के आफ्रिका विभागात, आणि तिथल्या मृतांपैकी साधारण तीन चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं.

जर्मन जीवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने १९०० च्या सुमारास जावा आणि न्यू गिनीत लोकांचं रक्त तपासून हाच क्रम पाहिला होता. पुढे १९६१ मध्ये कोहेन, मॅक्ग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी गांबियातल्या प्रौढांच्या रक्तातलं गॅमा ग्लोब्युलिन (प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना चिकटणारी संरक्षक प्रथिनं, असलेला भाग) आजारी मुलांना टोचलं आणि मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने घटले. म्हणजे प्रतिपिंडं महत्त्वाची, हे सिद्धच झालं. मग टी पेशींचं, म्हणजे जंतू ओळखून त्याची आठवण ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशींचं, काम उरतं कुठे? गोवर एकदा झाला की जन्मभराचं संरक्षण मिळतं, इथे दहा-पंधरा वर्षं का लागतात? आणि खरा फरक वयाने पडतो की झालेल्या संसर्गांच्या संख्येने? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

विषुववृत्त:
चांगला धागा. सुरुवातीलाच एक वेगळेपण नोंदवतो, नाहीतर पुढची सगळी चर्चा घसरते. इथे संरक्षणाचे तीन टप्पे आहेत आणि ते वेगवेगळ्या वेगाने येतात. गंभीर आजारापासूनचं संरक्षण सगळ्यात आधी, जोरदार प्रसाराच्या भागात साधारण पाच वर्षांच्या आत. तापापासूनचं त्यानंतर, शाळकरी वयात हळूहळू. परजीवींची रक्तातली संख्या दाबून ठेवण्याची ताकद सगळ्यात उशिरा, किशोरवयापर्यंत वाढत राहते. आणि संसर्गच होऊ न देणारी पूर्ण प्रतिकारशक्ती नैसर्गिकरीत्या जवळपास कोणालाच मिळत नाही. जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळ बऱ्यापैकी सुरक्षित असतं, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं आणि गर्भावस्थेतलं हीमोग्लोबिन. ते संरक्षण ओसरलं की धोक्याचा काळ सुरू होतो.

इतकी वर्षं लागण्याचं मोठं कारण परजीवीच्या बाजूला आहे. फाल्सिपेरम या मलेरियाच्या सगळ्यात घातक परजीवीच्या जनुकसंचात 'व्हार' गटाची सुमारे ६० जनुकं असतात. त्यातलं एका वेळी एकच चालू असतं आणि त्याचं प्रथिन, पीएफईएमपी१, संसर्ग झालेल्या तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर येतं. त्याच प्रथिनाच्या आधारे ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते आणि प्लीहेत जाऊन नष्ट होण्यापासून वाचते. शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करेपर्यंत काही परजीवींनी दुसरं जनुक चालू केलेलं असतं. शिवाय दुसऱ्या वाणाकडे ६० जनुकांचा वेगळाच संच. एका संसर्गातून शिकलेलं पुढच्या संसर्गात अर्धवटच उपयोगी पडतं.

पण हे प्रतिपिंडांच्या बाजूचं स्पष्टीकरण झालं. १९६१ च्या प्रयोगातून 'टी पेशींची गरज नाही' असा अर्थ काढणं चूक आहे. ती प्रतिपिंडं त्या प्रौढांच्या शरीरात टी पेशींच्या मदतीनेच तयार झाली होती.

सूक्ष्मदर्शी:
टी पेशी कुठे पोहोचू शकतात हे परजीवीच्या जीवनचक्रावरून ठरतं, म्हणून ते आधी मांडतो.

डास चावताना काही मोजके, फार तर शे-सव्वाशे स्पोरोझोइट (डासातून येणारी परजीवीची अवस्था) त्वचेत सोडतो. त्यातले थोडेच यकृतात पोहोचतात आणि एकेका यकृतपेशीत शिरतात. फाल्सिपेरम तिथे सुमारे ६ ते ७ दिवस वाढतो आणि एका यकृतपेशीतून हजारो मेरोझोइट (तांबड्या पेशींत शिरणारी अवस्था) बाहेर पडतात. त्यानंतर रक्तातलं ४८ तासांचं चक्र सुरू होतं. ताप फक्त या रक्तातल्या अवस्थेत येतो.

यकृतपेशीला केंद्रक असतं, एचएलए वर्ग-१ चे रेणू असतात, त्यामुळे आत काय चाललंय याचे तुकडे ती पृष्ठभागावर मांडते. ते तुकडे ओळखून सीडी८ टी पेशी, म्हणजे संसर्गित पेशी मारणारा टी पेशींचा प्रकार, तिला मारू शकते. परिपक्व तांबड्या पेशीला ना केंद्रक, ना हे रेणू. म्हणून फाल्सिपेरम एकदा रक्तात आला की सीडी८ पेशींना लक्ष्यच दिसत नाही. तिथे सीडी४ पेशी (मदतनीस टी पेशी) कामी येतात, त्याही थेट मारून नव्हे. इंटरफेरॉन गॅमा हा दाह वाढवणारा संदेशरेणू सोडून त्या जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींना चेतवतात आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींना मदत करतात.

यकृतातली अडचण संख्येची आहे. अब्जावधी यकृतपेशींमध्ये संसर्ग झालेल्या मूठभर, आणि त्या शोधायला आठवड्याचीही मुदत नाही. रक्तात फिरणाऱ्या स्मृतिपेशी जागृत होऊन, वाढून तिथे पोहोचेपर्यंत परजीवी निघून गेलेला असतो. म्हणून यकृतातच मुक्काम ठोकून असलेल्या निवासी स्मृतिपेशी लागतात. उंदरांवरच्या प्रयोगांत या निवासी सीडी८ पेशी काढून टाकल्या की लसीचं संरक्षण नाहीसं होतं.

नैसर्गिक संसर्गात अशा पेशी पुरेशा संख्येने का तयार होत नाहीत? प्रतिजन (ज्याला पाहून शरीर प्रतिसाद देतं तो परजीवीचा भाग) फार थोडं आणि थोडाच वेळ दिसतं, हे एक कारण. दुसरं, लगेच पाठोपाठ येणारी रक्तातली अवस्था सगळ्या यंत्रणेचा कौल बदलून टाकते.

हे दुसरं कारण दाखवणारा एक फार सुंदर प्रयोग नेदरलँड्समध्ये झाला, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मलेरिया कधीच न झालेल्या १० स्वयंसेवकांना क्लोरोक्विन चालू ठेवून, महिन्याच्या अंतराने तीन वेळा, दर वेळी १२ ते १५ संसर्गित डासांचे चावे दिले. क्लोरोक्विन यकृतातल्या परजीवीला काही करत नाही, रक्तातल्याला मारतं. म्हणजे यकृताची अवस्था पूर्ण होऊ दिली आणि रक्ताची दाबली. नंतर औषध थांबवून पुन्हा संसर्गित डास चावू दिले, तर दहाही जण सुरक्षित राहिले. नियंत्रण गटातल्या पाचही जणांना संसर्ग झाला. सुरक्षित झालेल्यांत एकाच वेळी इंटरफेरॉन गॅमा, टीएनएफ आणि इंटरल्युकिन-२ हे संदेशरेणू सोडणाऱ्या स्मृति-टी पेशी दिसल्या. २८ महिन्यांनी सहा जणांची पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा चौघं पूर्ण सुरक्षित होते, उरलेल्या दोघांत परजीवी उशिरा दिसले.

किरणोत्सर्गाने दुर्बळ केलेल्या स्पोरोझोइटांनी असंच संरक्षण मिळवायला हजाराच्या वर चावे लागतात. इथे ४५ च्या आसपास पुरले.

मृण्मयी:
व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या परजीवीलाही हेच लागू आहे का? तो तर अपरिपक्व तांबड्या पेशींत शिरतो ना?

सूक्ष्मदर्शी:
नेमका प्रश्न. रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या तांबड्या पेशी, केंद्रक गमावलेल्या असल्या तरी त्यांच्यावर एचएलए वर्ग-१ रेणू काही प्रमाणात शिल्लक असतात. त्यामुळे व्हायव्हॅक्सने संसर्गित रेटिक्युलोसाइट सीडी८ पेशी ओळखतात आणि ग्रॅन्युलायसिन हे मारक प्रथिन वापरून आतल्या परजीवीसकट मारतात, हे २०१८ मध्ये ब्राझीलमधल्या रुग्णांच्या पेशींवर दाखवलं गेलं. मी वर लिहिलेलं 'लक्ष्यच दिसत नाही' हे विधान फाल्सिपेरमपुरतं वाचावं. व्हायव्हॅक्स यकृतात सुप्त राहून महिन्यांनी परत उठतो, त्यामुळे तोच वाण पुन्हा पुन्हा समोर येण्याची शक्यता जास्त. त्याविरुद्धची प्रतिकारशक्ती सहसा फाल्सिपेरमच्या आधी येते, त्यामागे हे एक कारण असावं असं माझं मत.

सातपुडा:
प्रतिपिंडांना मदत करणाऱ्या टी पेशींबद्दल लिहितो, कारण लहान मुलं आणि मोठी माणसं यांच्यातला फरक तिथे फार स्पष्ट दिसतो.

लसिका ग्रंथी आणि प्लीहेत फॉलिक्युलर हेल्पर नावाच्या सीडी४ पेशी असतात. बी पेशी चांगली प्रतिपिंडं तयार करायला शिकते ती यांच्या सहवासात. रक्तात त्यांचे नातलग फिरत असतात, तेवढेच आपल्याला तपासता येतात. मालीतल्या मुलांच्या अभ्यासात दिसलं की तीव्र मलेरियात या रक्तातल्या हेल्पर पेशींपैकी सीएक्ससीआर३ हा रेणू असलेला, म्हणजे दाहाकडे झुकलेला उपप्रकार जास्त जागृत होतो. प्रयोगशाळेत त्या पेशी बी पेशींबरोबर ठेवल्या तर मदत कमी करतात. भरपूर इंटरफेरॉन गॅमा, थोडी प्रतिपिंडं.

वय वाढतं तशी ही घडण बदलते. युगांडातल्या मुलांत हेल्पर पेशींच्या उपप्रकारांचं प्रमाण वयानुसार बदलताना दिसतं, आणि तो बदल चांगली काम करणारी प्रतिपिंडं तयार होण्याशी जोडलेला आहे. म्हणजे दोन वर्षांच्या आणि दहा वर्षांच्या मुलाला एकाच डासाने दंश केला तरी दोघांच्या शरीरात शिकवणी वेगळी होते.

बी पेशींच्या बाजूलाही त्याचा ठसा उमटतो. वारंवार संसर्ग होणाऱ्यांत 'अटिपिकल', म्हणजे नेहमीपेक्षा वेगळ्या, स्मृति-बी पेशींचं प्रमाण वाढतं. त्यांच्या वाढीमागे इंटरफेरॉन गॅमाचा हात आहे. अर्थात या पेशींना थेट 'थकलेल्या' म्हणणं मला पटत नाही. योग्य मदत मिळाली तर त्या प्रतिपिंडं बनवतात असे पुरावे आहेत.

विषुववृत्त:
सातपुडा यांच्याशी सहमत. आता ताप का येत नाही त्याकडे.

मलेरियाचा ताप, थरथरी, मेंदूच्या रक्तवाहिन्यांची सूज यांत बराच वाटा आपल्याच दाहाचा असतो. त्यामुळे शरीर दोन गोष्टी शिकतं: परजीवी कमी ठेवणं आणि स्वतःचा दाह आवरणं. दुसरी गोष्ट प्रामुख्याने टी पेशींची.

गॅमा-डेल्टा या वेगळ्या प्रकारच्या टी पेशींचा व्हीडेल्टा२ हा गट परजीवीच्या एका चयापचय-पदार्थाला पूर्वशिक्षणाशिवायच जोरात प्रतिसाद देतो. पहिल्या संसर्गात यांच्याकडून टीएनएफ आणि इंटरफेरॉन गॅमाचा मोठा लोट येतो. युगांडातल्या सतत संसर्ग होणाऱ्या मुलांत या पेशींची रक्तातली संख्या घटते आणि उरलेल्यांचा प्रतिसाद मंदावतो. ज्यांच्यात तो मंदावला त्यांना संसर्ग झाला तरी ताप येण्याची शक्यता कमी दिसली.

त्याच वेळी सीडी४ पेशींमध्ये टीआर१ प्रकाराचा वाटा वाढतो. या पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडतात आणि बरोबरीने इंटरल्युकिन-१० सुद्धा. एक रेणू दाह वाढवणारा, दुसरा त्याला आवरणारा. जिथे वर्षाकाठी अनेकदा मलेरिया होतो तिथल्या मुलांत मलेरियाला प्रतिसाद देणाऱ्या सीडी४ पेशींचा मोठा भाग अशाच दुहेरी पेशींचा असतो.

इथे एक धोक्याची बाजू आहे आणि ती लपवू नये. दाह आवरणाऱ्या पेशी परजीवी साफ करण्याचा वेगही कमी करू शकतात. परजीवी बाळगून ठणठणीत दिसणारा माणूस डासांना संसर्ग देत राहतो आणि त्याचा रक्तक्षय हळूहळू वाढू शकतो. 'लक्षणं नाहीत म्हणजे त्रास नाही' असं समजून अशा संसर्गांकडे दुर्लक्ष करणं योग्य नाही.

गोदाकाठ:
हे सगळं वाचून पहिला प्रश्न अजून तसाच आहे. आफ्रिकेत वय वाढलं की संसर्गांची संख्याही वाढतेच. मग दोन्ही वेगळे कसे करायचे?

कंदील:
यासाठी सगळ्यांचा आधीचा अनुभव शून्य आणि वयं मात्र वेगवेगळी, असा समाज हवा. इंडोनेशियात तो मिळाला. सरकारी स्थलांतर योजनेत जावामधली कुटुंबं पापुआत, तेव्हाच्या इरियन जायात, वसवली गेली. जावात मलेरिया फारच कमी, पापुआत भरपूर. जे. केव्हिन बेअर्ड आणि सहकाऱ्यांनी या लोकांचा पाठपुरावा केला. प्रौढ आणि मुलं एकाच दिवशी, एकाच वस्तीत, सारख्याच डासांसमोर.

साधारण एक-दोन वर्षांत प्रौढांच्या रक्तातल्या परजीवींचं प्रमाण मुलांपेक्षा स्पष्टपणे कमी झालं. संसर्गांची संख्या सारखी असूनही. म्हणजे वयाचा स्वतःचा असा परिणाम आहे. पण पहिल्या काही महिन्यांत गंभीर आजाराचा धोका प्रौढांनाच जास्त होता. हा दुसरा भाग बहुतेक लेखांत गळतो आणि वाचकाचा समज होतो की वय म्हणजे नुसता फायदा. पहिल्यांदाच फाल्सिपेरम झालेल्या प्रवाशांमध्येही वय जास्त तसा मृत्यूचा धोका जास्त.

दोन्ही गोष्टी एकाच कारणातून निघतात अशी एक मांडणी आहे आणि मला ती पटते. मलेरिया कधीच न झालेल्या प्रौढांच्या रक्तातही परजीवीच्या प्रतिजनांना प्रतिसाद देणाऱ्या स्मृति-टी पेशी सापडतात. त्या इतर जंतूंविरुद्ध तयार झालेल्या, योगायोगाने इथेही जुळणाऱ्या. बाळाकडे अशा पेशी कमी, कारण त्याच्या टी पेशी बहुतांशी कोऱ्या. प्रौढात पहिल्याच संसर्गात या पेशी एकदम उसळतात, म्हणून दाह मोठा. आणि त्याच पेशी पुढे लवकर शिकतात, म्हणून नंतरचं संरक्षण जलद. ही मांडणी आहे, अंतिम निकाल नाही.

केवळ वयाने भागत नाही याचाही पुरावा देतो. जोरदार प्रसाराच्या भागातली, अनेक वर्षं मलेरिया अंगावर काढलेली स्त्री पहिल्या गरोदरपणात पुन्हा असुरक्षित होते. वारेला (प्लॅसेंटाला) चिकटणारे परजीवी व्हीएआर२सीएसए हे प्रथिन वापरतात आणि वार नसलेल्या शरीराने ते पूर्वी सहसा पाहिलेलं नसतं. दुसऱ्या, तिसऱ्या खेपेला धोका कमी होत जातो. इथे वय कामाला येत नाही, त्या विशिष्ट प्रथिनाची ओळखच लागते.

तळटीप_नको:
गंभीर मलेरियाविरुद्ध एक-दोन संसर्गांतच संरक्षण येतं असं अनेक ठिकाणी वाचलं आहे. वर विषुववृत्त यांनी 'पाच वर्षांच्या आत' लिहिलंय. कोणतं धरायचं?

विषुववृत्त:
एक-दोन संसर्गांचा निष्कर्ष १९९९ च्या गणिती प्रतिमानातून आला, आणि तोही मेंदूचा मलेरिया सोडून इतर गंभीर प्रकारांबद्दल होता. २०१४ मध्ये टांझानियातल्या ८८२ मुलांचा जन्मापासूनचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या १०२ मुलांना गंभीर मलेरिया झाला होता. एक-दोन सौम्य संसर्गांनंतर गंभीर आजारापासून संरक्षण मिळतं, याला त्या माहितीत आधार मिळाला नाही. मी प्रत्यक्ष पाठपुराव्याला जास्त वजन देतो.

नळी_आणि_बर्फ:
हे सगळं मोजतात कसं आणि कुठे फसतं, यावर लिहितो. निम्मे परस्परविरोधी निष्कर्ष इथूनच जन्मतात.

रक्त हेपरिनच्या नळीत घ्यायचं आणि शक्यतो ८ तासांत, थंड न करता, फायकॉल या द्रावणावर घनतेनुसार पेशी वेगळ्या करायच्या. एक मिलिलिटर रक्तातून साधारण १० लाख एककेंद्रकी पेशी (टी आणि बी पेशी यांतच येतात) मिळतात. लहान मुलाचं रक्त थोडंच घेता येतं, त्यामुळे आधी ठरवावं लागतं की कोणती चाचणी करायची, कोणती सोडायची. गोठवताना १० टक्के डीएमएसओ (पेशींना गोठण्याच्या इजेपासून वाचवणारं रसायन), मिनिटाला सुमारे १ अंश या गतीने उणे ८० पर्यंत, मग द्रव नायट्रोजन. उणे ८० वर महिनोन्महिने ठेवलेल्या पेशी वितळल्यावर जिवंत दिसल्या तरी प्रतिसाद देत नाहीत, आणि निष्कर्ष निघतो की मुलांची स्मृती कमजोर आहे.

वितळवताना ३७ अंशांच्या पाण्यात बर्फाचा छोटा खडा उरेपर्यंतच. कोमट माध्यम थेंब थेंब घालायचं. जिवंत पेशी ८० टक्क्यांच्या खाली असतील तर तो नमुना बाद. चाचणीआधी काही तास विश्रांती.

उत्तेजनासाठी संसर्गित तांबड्या पेशी किंवा त्यांचा अर्क वापरतात. त्याच रक्तगटाच्या, त्याच तुकडीतल्या संसर्ग नसलेल्या तांबड्या पेशींचा नियंत्रण गट हवाच, नाहीतर परक्या तांबड्या पेशींना आलेला प्रतिसाद मलेरियाच्या नावावर जमा होतो. परजीवींच्या संवर्धनात मायकोप्लाझ्मा हा जिवाणू शिरलेला असेल तर सगळंच जळतं, कारण पेशी त्यालाच उत्तर देत बसतात. दर महिन्याला पीसीआरने तपासावं. फक्त इंटरफेरॉन गॅमा मोजला तर वर सांगितलेल्या टीआर१ पेशी साध्या दाहक पेशींसारख्याच दिसतात. इंटरल्युकिन-१० त्याच नळीत मोजला पाहिजे.

रक्त कधी घेतलं हेही महत्त्वाचं. तीव्र तापात टी पेशी रक्तातून प्लीहेकडे सरकतात, रक्तातली संख्या तात्पुरती घसरते. त्या दिवसाचा नमुना स्मृतीबद्दल काहीच सांगत नाही. उपचारानंतर काही आठवड्यांनी पुन्हा घ्यावा.

आणि सगळ्यात मोठा सापळा. 'टी पेशींचा प्रतिसाद असलेल्यांना पुढे मलेरिया झाला नाही' असं दाखवायचं तर ज्यांना झाला नाही त्यांना डास तरी चावले होते का, हे कळलं पाहिजे. उलट, जिथे डास जास्त तिथे प्रतिसादही जास्त आणि आजारही जास्त, म्हणून टी पेशी धोका वाढवतात असं खोटं चित्र निघतं. दर महिन्याला पीसीआर करून संसर्ग कोणाला झाला हे आधी पक्कं करायचं आणि मग फक्त संसर्ग झालेल्यांत 'ताप आला की नाही' हे तपासायचं. सूक्ष्मदर्शकाखाली मायक्रोलिटरला ५०-१०० च्या खालचे परजीवी सहज निसटतात, पीसीआर एखाद-दुसराही पकडतो.

सातपुडा:
यात सायटोमेगॅलोव्हायरस या सर्रास आढळणाऱ्या विषाणूची भर घाला. तो टी पेशींची घडण एकट्याने बदलतो, आणि आफ्रिकेतल्या बऱ्याच भागांत बहुतेक मुलांना पहिल्या एक-दोन वर्षांतच होतो, श्रीमंत देशांत उशिरा. गांबियातल्या मुलांची तुलना युरोपातल्या मुलांशी करून फरक मलेरियाचा म्हणायचा, तर हे आधी वजा करावं लागतं.

मृण्मयी:
लसींचं काय? त्या टी पेशींना शिकवतात का?

सूक्ष्मदर्शी:
थोडंसं. आरटीएस,एस (जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ऑक्टोबर २०२१) आणि आर२१ (ऑक्टोबर २०२३) या दोन्ही स्पोरोझोइटच्या सर्कमस्पोरोझोइट प्रथिनाचा तुकडा देतात. संरक्षण मुख्यतः प्रतिपिंडांचं. सीडी४ पेशींची मदत मिळते, सीडी८ प्रतिसाद नगण्य. वयाचा परिणाम इथेही आहे: आरटीएस,एसच्या मोठ्या चाचणीत चार मात्रांनंतर ५ ते १७ महिन्यांच्या गटात तापाविरुद्ध परिणामकारकता सुमारे ३६ टक्के होती, ६ ते १२ आठवड्यांच्या बाळांत सुमारे २६ टक्के. म्हणूनच पहिली मात्रा साधारण पाचव्या महिन्यापासून देतात. प्रतिपिंडं पहिल्या वर्षात झपाट्याने उतरतात, त्यासाठी चौथी मात्रा. ती चुकवू नये.

गोदाकाठ:
शेवटचा प्रश्न. मलेरियाच्या भागात वाढलेला माणूस काही वर्षं मलेरिया नसलेल्या देशात राहून परत गेला, तर ही स्मृती टिकते का?

कंदील:
अर्धी टिकते. तापापासूनचं संरक्षण आधी जातं, कारण त्यासाठी लागणारी प्रतिपिंडांची पातळी आणि दाह आवरणाऱ्या पेशी वारंवार संसर्गावर पोसलेल्या असतात. व्हीडेल्टा२ पेशींची संख्या आणि जोर संसर्ग थांबला की पुन्हा वाढू शकतो, त्यामुळे पुढचा ताप कडक येऊ शकतो. मृत्यूचा धोका मात्र कधीच मलेरिया न झालेल्या पर्यटकापेक्षा कमी राहतो, कारण स्मृतिपेशी उरलेल्या असतात आणि दुसऱ्या खेपेला लवकर उठतात.

एचआयव्हीने सीडी४ पेशी घटल्या की काय होतं ते पाहिलं तर या स्मृतीचं वजन कळतं. मलेरियाचे झटके वाढतात, परजीवींची घनता वाढते, आणि गरोदरपणात दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मिळणारं संरक्षणही ढासळतं.

व्यवहारात, परत जाणाऱ्याने प्रतिबंधक गोळ्या पूर्ण घ्याव्यात, तिथून बाहेर पडल्यावर ठरलेले दिवसही: अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ७ दिवस, डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन ४ आठवडे. औषध कोणतं हे डॉक्टर ठरवतील. लहान मुलं परक्या देशात जन्मलेली असतील तर त्यांच्याकडे आईवडिलांची स्मृती नाही, त्यांना पूर्णपणे नवखं धरावं. तिथून बाहेर पडल्यानंतर पुढचे तीन महिने ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं. व्हायव्हॅक्ससाठी ही मुदत वर्षभर धरावी.